अमर शेखांचा डफ आणि आमच्या मुलांचा रॅप

नांदेडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. उर्दू शाळेतला मराठीचा तास कसा असतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मुले घरात दखनी बोलतात, वर्गात उर्दू लिहितात, बाजारात बिनदिक्कत मराठी बोलतात आणि मराठीच्या पेपरला मात्र घाबरतात. अशाच एका तासाला नववीतला एक मुलगा मागच्या बाकावर बोटांनी ठेका धरून काहीतरी पुटपुटत होता. मी त्याला उभे केले. वर्ग हसला. ‘मिस, इने रॅप करता,’ कुणीतरी चुगली केली. मी म्हटले, ‘करतोस ना? मग मोठ्याने कर.’

आधी लाजला, मग सुरू झाला. मोहल्ल्यात टँकर येतो त्या दिवशीची गोष्ट होती. घागरींची रांग, नंबरावरून भांडण, आईच्या कमरेचे दुखणे, निवडणुकीपुरता सलाम करणारा उमेदवार. भाषा दखनी, पण ‘घागर’, ‘नंबर’, ‘नगरसेवक’ हे शब्द आपापल्या जागी चपखल बसलेले. शेवटी त्याने स्वतःचे नाव घेतले, म्हणजे स्वतःच ठेवलेले रॅपरचे नाव, आणि खाली बसला. वर्गाने बाके बडवली. मीही टाळी वाजवली.

मग विचारले, ‘तुझा उस्ताद कोण?’ त्याने दोन नावे घेतली. एक अमेरिकेचा टुपाक शकूर, दुसरा मुंबईच्या कुर्ल्याचा नेझी. मी म्हटले, ‘आणि अमर शेख?’ तो म्हणाला, ‘कौन मिस? यूट्यूब पे है क्या?’

या उत्तराची मला लाज वाटली, पण त्याच्यामुळे नव्हे. मराठी विषय घेऊन बी.ए. केले, बी.एड. केले, तरी अमर शेख हे नाव मला परीक्षेच्या टिपणातल्या एका ओळीपुरतेच ठाऊक होते : ‘संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील शाहीर’. ते बार्शीचे होते हे मी फार उशिरा वाचले. माझे माहेर लातूरचे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये बार्शीकडून लातुरात आली आणि पुढे कित्येक वर्षे लातूरकरांनी पुण्या-मुंबईचा रस्ता त्याच गाडीने धरला. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तीही बार्शीवरूनच. आमच्या पिण्याचे पाणी ज्या गावावरून आले, त्या गावचा एवढा मोठा शाहीर आम्हांला माहीत नव्हता. असे का झाले, याचा शोध म्हणजे हा लेख.

अमर शेखांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. घर गरिबीचे. आई मुनेरबी. गाण्याचा पहिला संस्कार या आईचा. मराठवाड्यातल्या आणि बालाघाटच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतल्या मुस्लिम बायका जात्यावर मराठीतच ओव्या गात, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या नानी-दादीच्या तोंडून ऐकले आहे. माझी नानी औसा तालुक्यातली. नमाजची दुआ अरबीत, नवऱ्याशी भांडण दखनीत आणि जात्यावरची ओवी मराठीत, असा तिचा हिशेब होता. त्यात तिला कधी अडचण वाटली नाही. अडचण पुढच्या शिकलेल्या पिढ्यांना वाटू लागली. महबूब हुसेनला मराठी मिळाली ती अशीच, आईच्या तोंडून. शाळेची मराठी नंतरची.

पुढचे आयुष्य कामगाराचे. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत मजूर. १९३० नंतरच्या स्वातंत्र्यलढ्यात पोरवयातच उडी घेतली, विसापूरच्या तुरुंगात गेले. तिथे कम्युनिस्ट विचारांच्या कार्यकर्त्यांची संगत लाभली. बाहेर आल्यावर बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात ते पुढे होते. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रपटसंस्थेत काम केले आणि तिथेच ‘अमर शेख’ हे नाव मिळाले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. एक मातंग, एक ब्राह्मणेतर चळवळीशी नाते सांगणाऱ्या मातीतला, एक मुसलमान असे जातिधर्माचे गणित मांडण्याचा मोह इथे होतो. पण त्या तिघांना जोडणारा धागा गिरणीच्या भोंग्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या काळात, हे पथक म्हणजे सभेचा प्राण होते. आधी शाहीर, मग भाषण असा शिरस्ता पडला. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच लढ्यातली. आचार्य अत्र्यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. ‘अमरगीत’, ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे संग्रह. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटातली त्यांची भूमिका जुन्या प्रेक्षकांना आठवते. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न.

एवढी माहिती कोणत्याही कोशात सापडेल. प्रश्न पुढचा आहे. या माणसाची कला नेमकी कशात होती? आणि तिचा वारसा कोणाकडे गेला?

अमर शेखांविषयी लिहिताना ‘पहाडी आवाज’ हे दोन शब्द जवळजवळ सक्तीचे झाले आहेत. मला त्यात स्तुतीइतकीच टाळाटाळ दिसते. ‘आवाज पहाडी होता’ असे म्हटले की काय म्हटले, कसे म्हटले, याचा विचार करण्याची गरज उरत नाही. कवी म्हणून कुसुमाग्रज वाचायचे, मर्ढेकर वाचायचे; शाहीर मात्र ऐकून विसरायचा, अशी आपल्या साहित्यव्यवहाराची सवय आहे.

पोवाड्याची रचना पाहा. शाहीर पुढे उभा, हातात डफ. मागे तुणतुणे, झांज आणि झीलकरी. शाहीर ओळ फेकतो, झीलकरी तिचे शेवटचे टोक उचलून धरतात. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो आणि ऐकणारा ओळ पचवतो. चौक संपला की शाहीर गाणे थांबवतो, गद्यात दोन गोष्टी सांगतो, टोमणा मारतो आणि पुन्हा उसळी घेतो. म्हणजे पोवाडा धड गाणे नाही आणि धड बोलणेही नाही. तो लयीत फेकलेला शब्द आहे. शब्दाचे वजन सुरापेक्षा ठेक्यावर तोलायचे आणि श्वास कुठे तोडायचा हे अर्थाने ठरवायचे, ही त्याची खरी कारागिरी.

रॅप म्हणजे तरी दुसरे काय? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत गाण्यातला ठेक्याचा तुकडा लांबवून वाजवला आणि त्या ठेक्यावर बोलण्याची रीत वाढत गेली, अशी त्या कलेची जन्मकथा सांगतात. गरीब काळ्या वस्तीतली मुले, वाद्ये विकत घेण्याची ऐपत नाही, शिक्षकाकडे जाऊन संगीत शिकण्याची सोय नाही. जिभेशिवाय दुसरे वाद्य नव्हते, म्हणून जीभच वाजवली. आमच्याकडेही हे नवे नाही. औरंगाबादच्या अमृतरायांचे अठराव्या शतकातले कटाव मोठ्याने वाचून पाहावेत. शब्दांवर शब्द आदळत, यमकांची साखळी धावत सुटते आणि वाचणाऱ्याची धाप लागते. उर्दूत मर्सिया ‘तहतुल-लफ्ज’ पढण्याची परंपरा आहे. तिथे तरन्नुम नाही, केवळ शब्दाचा चढउतार. आणि पेशवाईच्या उत्तरकाळातला सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार मराठी लावण्या-पोवाडे रचत होता, हे तर सर्वश्रुत आहे. अमर शेख या सगळ्या वाटांच्या नाक्यावर उभे होते. आमच्या वर्गातला मुलगाही तिथेच उभा आहे. त्याला फक्त नाक्याचे नाव माहीत नाही.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या माणसाविषयी लिहिताना आरती ओवाळण्याची आपल्याला सवय आहे. अमर शेखांची कविता कागदावर वाचताना काही ठिकाणी ती लांबते. संबोधने पुन्हापुन्हा येतात, घोषणेची ओळ कवितेच्या ओळीला बाजूला सारते. पक्षाच्या धोरणाला बांधलेला शब्द त्या दिवशी पेटतो आणि दुसऱ्या दिवशी थंड पडतो, हा धोका प्रत्येक चळवळीच्या कवीला असतो, त्यांनाही होता. पण याच दोषाची दुसरी बाजू अशी की ती कविता मुळात डोळ्यांसाठी लिहिलेली नाही. पुनरुक्ती ही मैदानातल्या शेवटच्या रांगेसाठी असते. संबोधन असते ते झोपलेल्याला हलवण्यासाठी. मुशायऱ्यात आपण ‘मुकर्रर’ म्हणून शेर पुन्हा म्हणायला लावतो, तेव्हा त्या शायराला कुणी पुनरुक्तीचा दोष देत नाही. शाहिरालाच तो का द्यावा? आमचा हा मुलगाही एकच ओळ तीन वेळा म्हणतो, आणि तिसऱ्यांदा ती ओळ वर्गाची झालेली असते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. नांदेड-लातूरच्या मुस्लिम घरांत हे नाव का पोहोचले नाही?

याचे एक उत्तर इतिहासात आहे आणि ते कडू आहे. अमर शेख शिवाजी पार्कवर डफ वाजवत होते तेव्हा आमचे आजोबा १९४८ मधून पुरते बाहेर आले नव्हते. निजामी राजवट गेली, रझाकारांचा जुलूम संपला, याचा आनंद साऱ्या मराठवाड्याचा होता आणि त्यात शहाणे मुसलमानही होते. पण पोलीस कारवाईच्या मागोमाग जे घडले त्याची झळ निरपराध घरांनाही बसली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतच होता. तो १९८२ मध्ये वेगळा झाला. त्या दिवसांविषयी घरात कुणी बोलत नसे. माझ्या आजोबांनी त्यावर आयुष्यात एक वाक्य सांगितले : ‘उस साल ज्वारी खड़ीच रह गई.’ ज्वारी कापायला माणसे उरली नव्हती, हे मला मोठी झाल्यावर कळले.

त्यातच भाषेचा आघात. काल कचेरीची भाषा उर्दू होती, आज ती कुठेच नव्हती. उर्दूत शिकलेला कारकून एका रात्रीत अडाणी ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अशा घरांना मराठी भेटली ती कचेरीच्या खिडकीतून, हुकमाची भाषा म्हणून. जात्यावरची मराठी आणि खिडकीतली मराठी एकच आहे, हे सांगणारा माणूस हवा होता. तो होता, बार्शीचाच होता, पण त्याचा आवाज आमच्या भिंतीपर्यंत आला नाही. आम्ही मान खाली घालून जगत होतो, आणि खाली मान घातलेल्याला डफ ऐकू आला तरी तो दुसऱ्याच्या लग्नातला वाटतो.

दुसरे उत्तर आमच्या आजच्या वृत्तीत आहे. अमर शेख कम्युनिस्ट होते, मजहबी नव्हते, त्यांनी लग्न ज्योतीताईंशी केले, पोवाडा शिवाजीराजांचा गायला. त्यामुळे आमच्यातल्या काहींना ते ‘आपले’ वाटले नाहीत. उलट मराठी साहित्यात मुसलमानांचे योगदान किती, हा प्रश्न आला की यादीत शेख महंमदांनंतर त्यांचे नाव घाईने घातले जाते. एरवी ज्याला घरात घेतले नाही त्याला पाहुण्यांसमोर दिवाणखान्यात बसवायचे, असा हा प्रकार आहे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. बार्शी तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून आपण आपला वारसा शोधतो आहोत. पण वारसा म्हणजे नावांची यादी नव्हे. ज्याच्याकडून काही शिकलो नाही त्याचा वारसा सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका साहित्यिक कार्यक्रमात मी निबंध वाचला. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ आपुलकीने म्हणाले, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी ‘शुक्रिया’ म्हटले. घरी येताना वाटले, मुनेरबीच्या मुलाला असे कुणी म्हणाले असेल का? म्हणाले असले तर त्याने चहाचा कप खाली ठेवून डफ उचलला असता. मराठी आपली आहे हे त्याने कुणाला पटवून दिले नाही. त्याने ती वापरली, भाकरीसाठी, संपासाठी, राज्यासाठी. वापरणाऱ्याचीच भाषा असते.

वारसा कुठे गेला याचे एक सूत्र मला अचानक सापडले. अमर शेखांची मुलगी मलिका अमर शेख ही मराठीतली महत्त्वाची कवयित्री. ‘वाळूचा प्रियकर’ हा तिचा पहिला संग्रह, आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे तिचे आत्मकथन मराठी वाचकाला आजही अस्वस्थ करते. तिचे पती नामदेव ढसाळ. ढसाळ आणि त्यांच्या मित्रांनी १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन केली आणि नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आता आमच्या विद्यार्थ्याच्या उस्तादाकडे वळू. टुपाक शकूरची आई अफेनी ब्लॅक पँथरची कार्यकर्ती होती. न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांवर जो खटला चालला त्यात तीही आरोपी होती. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. १९९६ मध्ये लास व्हेगासमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो पंचविसाव्या वर्षी गेला, आणि आज नांदेडच्या देगलूर नाक्यावर त्याचे चित्र छापलेले टी-शर्ट घालून मुले फिरतात. म्हणजे बार्शीच्या शाहिराच्या घरचा एक दोरा आणि टुपाकच्या घरचा एक दोरा पँथर या एकाच नावाला बांधलेला आहे. मी वर्गात फळ्यावर ही दोन घरे काढून दाखवली तेव्हा मागचा बाक पहिल्यांदा पुढे सरकला.

पण साम्य दाखवून थांबले तर शिक्षकाचे काम अर्धेच होते. फरकही दाखवायला हवा. रॅपचा कर्ता ‘मी’ आहे. मी कुठून आलो, मला किती सोसावे लागले, मी आता कोण झालो. ज्याला जगाने कधी मोजलेच नाही त्याने स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारणे हेही बंडच आहे. ते मी कमी लेखत नाही. २०१४ मध्ये नेझीने कुर्ल्यात आयपॅडवर ‘आफत’चे चित्रीकरण केले, आणि २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला. त्या वाटेने हजारो पोरांना वाटले की आपल्या गल्लीतही सांगण्यासारखे काही आहे. २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी तरुणाच्या सत्तांतरावरच्या रॅपमुळे त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा लाल बावट्यावरच्या सरकारी बंदीची आठवण झाली. सत्तेला भाषणापेक्षा ठेक्याची भीती अधिक वाटते, हे तेव्हाही खरे होते.

तरीही त्या ‘मी’ची एक अडचण आहे. बाजार त्याला लवकर विकत घेतो. मग गल्ली मागे राहते. गाण्यात घड्याळ आणि मोटार येते. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर चुकला, फार पुढे गेला, स्वतःच्याच आवाजावर भाळला तर झील त्याला जमिनीवर आणते. पोवाड्याच्या रचनेतच ‘आम्ही’ आहे. अमर शेखांचे मोठेपण मला आवाजापेक्षा इथे दिसते. महबूब हुसेन पटेलने स्वतःच्या गरिबीचे भांडवल केले असते तर ते पुष्कळ होते. त्यांनी ती गरिबी गिरणीतल्या साऱ्यांची म्हणून गायली. मुसलमान म्हणून त्यांनी वेगळी फिर्याद मांडली नाही, आणि मुसलमान असल्याचे लपवलेही नाही. ‘शेख’ हे नाव अखेरपर्यंत ठसठशीत ठेवले. आजच्या दिवसांत, जेव्हा आपल्याला एकतर गप्प बसायला सांगितले जाते किंवा फक्त आपल्याच दुखण्यावर बोलायला, तेव्हा ही तिसरी रीत शिकण्यासारखी आहे.

मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची बाब. पण शाहीर अध्यासनात जगत नाही. तो जगतो झील धरणाऱ्यांत.

त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात सांगितले, ‘तुझा टँकर पुन्हा म्हण. पण या वेळी तुझे नाव शेवटी नको. शेवटची ओळ वर्ग म्हणेल.’ त्याला पटले नाही. रॅपमध्ये असे नसते म्हणाला. मी म्हटले, ‘बार्शीत असते.’ मग त्याने म्हटले. पहिल्या चौकाला वर्ग गडबडला, दुसऱ्याला जमले. मुलींनी घागरीच्या ओळीवर अशी झील धरली की बाजूच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटले, भांडण लागले.

तास संपल्यावर तो माझ्या टेबलाजवळ आला. वहीचे पान पुढे केले. टँकरचे गाणे त्याने उर्दू लिपीत लिहिले होते, आणि त्याखाली दोन ओळी देवनागरीत. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका होत्या. विचारले, ‘ही मराठी कुठून आणलीस?’ म्हणाला, ‘अम्मी बोलती मिस, पानी भरते वक्त.’

चुका मी दुरुस्त केल्या नाहीत. त्याचा दिवस पुढे येईल.